इंजिन कोणाचे? लांज्यातील एका घरापुढे आलेल्या सुपरसॉनिक गुंतवणुकीचे प्रकरण

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात लांजा तालुक्यातील आमच्या मूळ घराची रस्त्याकडेची जमीन गेली. तिचा मोबदला हाती येईपर्यंत आणि आल्यावर भावकीत वाटणी होईपर्यंत बरीच वर्षे गेली. शेवटी माझ्या थोरल्या चुलत भावाच्या, म्हणजे दादाच्या वाट्याला आलेली रक्कम त्याने रत्नागिरीच्या एका बँकेत मुदत ठेवीत टाकली. २०२६च्या जानेवारीत त्या ठेवीची मुदत भरत होती. त्याच सुमारास पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला असलेल्या पुतण्याने सुचवले की यातले वीस लाख रुपये बूम या अमेरिकी कंपनीत घालावेत. ध्वनीपेक्षा वेगाने जाणारे नवे प्रवासी विमान ही कंपनी बनवू पाहते आहे. तिचे समभाग शेअर बाजारात नोंदलेले नाहीत, परंतु ते बाळगणाऱ्या एका परदेशी फंडातला हिस्सा मध्यस्थामार्फत घेता येतो, अशी माहिती त्याने काढली होती.

मी मुंबईत विमानांच्या इंजिनांच्या ओव्हरहॉल शॉपमध्ये तीस वर्षे काम केले आणि निवृत्तीनंतर पावसला राहतो. दादाने फोन करून मला बोलावून घेतले आणि एवढेच म्हणाला, "तू जन्मभर इंजिनं उघडलीस. आता ही कागदं उघड नि मला काय ते सांग." दोन दिवस आम्ही तिघे आणि वहिनी माजघरात त्या कागदांवर बसलो होतो. त्या दोन दिवसांत काय पाहिले, काय ठरले आणि का ठरले, हे तिघांच्याही संमतीने येथे मांडतो, कारण नुकसानभरपाईचा पैसा हाती असलेली आणि अशा प्रस्तावांपुढे गांगरून जाणारी घरे आमच्या पट्ट्यात पुष्कळ आहेत.

आधी पुतण्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. हा मुलगा उथळ नाही. लहानपणी सुट्टीत माझ्याकडे आला की तो विमानांची चित्रे काढत बसे, आणि माणसाने एकदा साध्य केलेला वेग पुन्हा गमावून बसावे याची त्याला मनापासून खंत वाटते. ती खंत मलाही वाटते. त्यामुळे आमच्या चर्चेत एक बाजू स्वप्नाळू आणि दुसरी खडूस, अशी वाटणी कधी नव्हती.

विमान उडेल का, हा प्रश्न नव्हे

कागदांत पहिले चित्र होते ते एक्सबी-१ या चाचणी विमानाचे. २८ जानेवारी २०२५ रोजी कॅलिफोर्नियातील मोहावी येथून उडून या विमानाने मॅक १.१२२, म्हणजे ध्वनीच्या १.१२२ पट, इतका वेग गाठला. खाजगी पैशातून बांधलेल्या विमानाने हे केले, ही खरी कामगिरी आहे आणि ती कमी लेखण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. दादाला मात्र वाटले होते की विमान उडाले म्हणजे काम झाले. त्याला मी सांगितले की ध्वनीपेक्षा वेगाने प्रवासी नेता येतात हे पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. सोव्हिएत टीयू-१४४ हे ३१ डिसेंबर १९६८ला उडाले आणि ब्रिटन-फ्रान्सचे कॉन्कॉर्ड त्यानंतर दोनच महिन्यांनी, २ मार्च १९६९ला. कॉन्कॉर्डने १९७६ ते २००३ अशी सत्तावीस वर्षे माणसे वाहिली. टीयू-१४४ ची प्रवासी सेवा अवघ्या ५५ फेऱ्यांनंतर १९७८ मध्ये बंद पडली. दोन्ही विमाने आकाशात व्यवस्थित वेग घेत होती. ती थांबली ती इंधन, देखभाल, आवाज आणि हिशेब या कारणांनी. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ कॉन्कॉर्डला अपघात होऊन ११३ माणसे दगावली आणि त्यानंतर तर त्या सेवेला पूर्वीचे बळ कधी आलेच नाही.

एक्सबी-१ हे एका वैमानिकाचे, नियोजित विमानाच्या साधारण एक-तृतीयांश मापाचे यंत्र आहे. त्याला बसवलेली तीन इंजिने जनरल इलेक्ट्रिकची जे-८५ या जातीची होती, म्हणजे १९५०च्या दशकातला आराखडा असलेली, लष्करी विमानांत वर्षानुवर्षे वापरलेली. या उड्डाणाने सांगाड्याचा आकार, नियंत्रण आणि चमूची कुवत यांची परीक्षा झाली. जे यंत्र सगळ्यात अवघड, सगळ्यात महाग आणि सगळ्यात वेळखाऊ, त्याची परीक्षा या उड्डाणात झालेलीच नाही.

इंजिनाचा प्रश्न

माझ्याकडे एक जुने, बाद केलेले टर्बाइन ब्लेड, म्हणजे इंजिनातल्या तापलेल्या वायूने फिरणाऱ्या चक्राचे पाते आहे. तळहातावर मावते, पण उचलले की त्याच्या आकाराच्या मानाने जड लागते. ते मी सोबत नेले होते. वहिनीने ते चष्मा लावून उजेडात धरले, तेव्हा तिला त्याच्या कडेने ओळीने पाडलेली सुईच्या टोकाएवढी भोके दिसली, आणि एका टोकाशी धातू मेणासारखा गळून खाल्ला गेल्याची खूणही दिसली. ज्या वायूच्या झोतात हे ब्लेड फिरते त्याचे तापमान ब्लेडच्या धातूच्या वितळणबिंदूहूनही जास्त असते. ते वितळत नाही कारण या भोकांतून थंड हवेचा पातळ पडदा त्याच्या अंगावरून सतत वाहत असतो. एक भोक कचऱ्याने बुजले तर काय होते ते त्या टोकाला दिसते. असा प्रत्येक तुकडा तपासणे, मोजणे, पुन्हा बसवणे किंवा बाद करणे, हे माझे तीस वर्षांचे काम होते.

साध्या प्रवासी विमानाचे इंजिन पूर्ण ताकदीने चालते ते उड्डाण करताना, काही मिनिटांपुरते. उंची गाठल्यावर वैमानिक ताकद कमी करतो आणि तापमान उतरते. त्यामुळेच असे इंजिन पंखावरून न उतरवता हजारो तास चालवता येते. स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान विमानात ही सवलत मिळत नाही. बूमच्या नियोजित विमानाचा वेग मॅक १.७ आहे, आणि त्या वेगाला इंजिनाच्या तोंडाशी येणारी हवा दाबली जाऊनच तापते. बाहेर उणे ५६ अंश असले तरी ती आत शिरताना साधारण ६९ अंशांवर गेलेली असते. आधीच तापलेली हवा आणखी दाबायची, आणि तेही तासन्‌तास जवळजवळ पूर्ण जोर लावून. म्हणजे त्या ब्लेडवरचा जो ताण साध्या विमानात काही मिनिटांचा असतो, तो येथे अख्ख्या प्रवासभर राहतो. शिवाय आजच्या इंजिनांची काटकसर त्यांच्या पुढच्या भल्यामोठ्या पंख्यामुळे साधते. इंजिनाच्या गाभ्याभोवतून जाणारी हवा, जिथे इंधन जळते त्या गाभ्यातून जाणाऱ्या हवेच्या नऊ-दहा पट असते. एवढा रुंद पंखा स्वनातीत वेगाला भिंतीसारखा आडवा येतो. इंजिन सडपातळ केले की काटकसर जाते आणि विमानतळाजवळचा आवाज वाढतो. कॉन्कॉर्डच्या टाक्यांत सुमारे ९५ टन इंधन मावत असे आणि प्रवासी शंभरच्या आसपास, या दोन आकड्यांत त्या काळच्या इंजिनांची सगळी कहाणी आली.

हे इंजिन कोण करणार? सुरुवातीला बूमचा रोल्स-रॉइसशी अभ्यासकरार होता. सप्टेंबर २०२२ मध्ये रोल्स-रॉइस त्यातून बाहेर पडली. त्यानंतर प्रॅट अँड व्हिटनी, जनरल इलेक्ट्रिक, हनीवेल आणि सॅफ्रान यांनीही या वेगाच्या नागरी इंजिनात आपल्याला रस नसल्याचे जाहीर केले. मोठी प्रवासी जेट इंजिने करणारी जगातली घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत आणि ती सगळी या यादीत येतात. डिसेंबर २०२२ मध्ये बूमने सांगितले की सिंफनी नावाचे इंजिन आपण स्वतःच, काही छोट्या भागीदारांसह करू. कागदांत ही गोष्ट 'स्वावलंबन' म्हणून रंगवली होती. माझ्या मते या सगळ्या बाडातली सर्वांत गंभीर ओळ तीच होती. ज्यांना हे काम येते, ज्यांच्याकडे कारखाने, धातुशास्त्रज्ञ आणि पन्नास वर्षांच्या बिघाडांच्या नोंदी आहेत, त्यांनी हिशेब करून हात मागे घेतला, याचे वजन एका चाचणी उड्डाणापेक्षा जास्त आहे.

आपल्या देशाला हा धडा दोनदा मिळाला आहे. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थान एअरक्राफ्टने बेंगळूरला 'मारुत' हे लढाऊ विमान घडवले आणि १७ जून १९६१ रोजी ते उडाले. सांगाडा इतका उत्तम होता की तो मॅक २ साठी आखलेला होता. परंतु ज्या जास्त ताकदीच्या ब्रिटिश इंजिनावर भिस्त ठेवली होती ते पूर्णच झाले नाही, आणि कमी ताकदीच्या ऑर्फियसवर मारुत जेमतेम ध्वनीच्या वेगापाशी पोहोचला. १९७१च्या युद्धात त्याने जमिनीवरच्या लक्ष्यांवर चांगली कामगिरी केली, पण ज्या वेगासाठी तो जन्मला तो त्याला कधी मिळाला नाही. पुढे 'तेजस'साठी कावेरी इंजिनाला १९८९ मध्ये मंजुरी मिळाली. सरकारचा पैसा होता, कुशल माणसे होती, आणि तरीही २००८ मध्ये कावेरीला तेजसपासून वेगळे करावे लागले. तेजस आजही जनरल इलेक्ट्रिकच्या एफ-४०४ वर उडते. मारुतच्या काळातली माणसे मी शॉपमध्ये वरिष्ठ म्हणून पाहिली आहेत. त्या विमानाबद्दल बोलताना त्यांचा आवाज हळवा होई.

पुतण्याचा यावर आक्षेप होता आणि तो वजनदार होता. स्पेसएक्सबद्दलही लोक हेच बोलत होते, त्या नव्या कंपनीने मर्लिन हे इंजिन स्वतःच बनवले, आणि सप्टेंबर २००८ मध्ये चौथ्या प्रयत्नात तिचे रॉकेट कक्षेत गेले की नाही, असे त्याने विचारले. या उत्तरासाठी मी रात्रभर वेळ मागून घेतला. दुसऱ्या दिवशी मी त्याला दोन फरक दाखवले. रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचे इंजिन एका फेरीत काही मिनिटे चालते आणि त्याची पहिली तीन उड्डाणे फसली तरी आत माणूस नव्हता. प्रवासी विमानाच्या इंजिनाला पहिल्या प्रवाशाआधीच पक्षी गिळणे, पाते तुटणे, बर्फ आणि पाऊस या सगळ्या परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते आणि मग रोज कित्येक तास चालावे लागते. दुसरे असे की स्पेसएक्सला २००६ पासून नासाचा पैसा मिळत होता आणि डिसेंबर २००८ मध्ये १.६ अब्ज डॉलरचे मालवाहतुकीचे कंत्राट मिळाले. प्रवासी सुपरसॉनिक विमानाला असा खात्रीचा खरेदीदार कोण, हे कागदांत शोधूनही सापडले नाही.

मोहोर आणि इसार

कागदांत खरेदीदार होते, आणि ठळक अक्षरांत होते: १३० विमानांची मागणी. दादाला या आकड्याचीच भुरळ पडली होती. आम्ही पाटी घेतल्यासारखी वही घेतली आणि आकडा सोडवला. युनायटेड एअरलाइन्सची १५ आणि वर ३५चा पर्याय, म्हणजे वाटले तर पुढे घेण्याचा नुसता हक्क. अमेरिकन एअरलाइन्सची २० आणि वर ४०चा पर्याय. जपान एअरलाइन्सचा २०चा पर्याय. बेरीज बरोबर १३० येते, पण त्यातली ९५ विमाने केवळ पर्याय आहेत. उरलेल्या ३५पैकी युनायटेडची १५ तर, हे विमान सुरक्षितता, संचालन आणि पर्यावरण यांबाबतच्या तिच्या अटी पूर्ण करील तरच घेतली जाणार आहेत.

दादाला हे समजावायला मला वेगळी भाषा लागली नाही. त्याची साडेतीनशे कलमे आहेत. पौष-माघात व्यापारी येतो, मोहोर बघतो आणि बाग खंडाने मागतो. जो नुसता "बाग माझ्यासाठी ठेवा" म्हणून जातो त्याच्यासाठी दादा एक दिवसही थांबत नाही. जो इसार देतो त्याचे नाव वहीत चढते. आणि इसार किती दिला यावरून पुढे थ्रिप्सची कीड पडली, अवकाळी पाऊस झाला तरी तो उभा राहील की नाही हे कळते. अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या २० विमानांसाठी परत न मिळणारी अनामत दिल्याचे जाहीर आहे, पण रक्कम जाहीर नाही. दादाने वहीतल्या आकड्यापुढे स्वतःच्या हाताने लिहिले, "इसार किती?" आणि मग बराच वेळ तो काही बोलला नाही.

कॉन्कॉर्डच्या वेळीही मोहोर जोरात होता. पॅन अ‍ॅम, टीडब्ल्यूए, लुफ्तान्सा, क्वांटास, जपान एअरलाइन्स यांनी नावे नोंदवली होती. आपल्या एअर इंडियानेही दोन विमानांचा पर्याय घेतला होता. जानेवारी १९७३ मध्ये पॅन अ‍ॅम आणि टीडब्ल्यूएने माघार घेतली आणि पाठोपाठ बाकीचे गळाले. शेवटी ती विमाने घेतली ती फक्त ब्रिटन आणि फ्रान्सच्या सरकारी कंपन्यांनी, कारण त्यांच्याच सरकारांनी ती बांधली होती. अलीकडचे उदाहरण सुपरसॉनिक विमान बनवू पाहणाऱ्या एरिऑनचे आहे. या कंपनीच्या मागे बोइंग होती, इंजिनासाठी जनरल इलेक्ट्रिक होती आणि तेही जुन्या सिद्ध गाभ्यावर आधारलेल्या इंजिनासाठी. मार्च २०२१ मध्ये नेटजेट्स या खाजगी विमानसेवेने तिच्या वीस विमानांचे हक्क घेतल्याची घोषणा झाली आणि मे २०२१ मध्ये, पुढचा पैसा उभा न राहिल्याने, कंपनी बंद पडली. मोहोर आणि फळ यांत दोन महिन्यांचे अंतर होते आणि फळ आलेच नाही.

पैशाचेही तसेच. पूर्ण विमानासाठी सहा ते आठ अब्ज डॉलर लागतील असे बूमचे स्वतःचेच म्हणणे राहिले आहे, आणि पहिल्या दहा वर्षांत जमलेली रक्कम एक अब्जाच्या आतली होती. उरलेले पैसे पुढच्या गुंतवणूकदारांकडून येणार, आणि ते आपल्या अटी घालूनच येतील. त्या वेळी फंडात हिस्सा धरणाऱ्या लांज्यातल्या माणसाला रांगेत शेवटची जागा मिळेल. शिवाय बाजारात नोंद होईपर्यंत हिस्सा विकायचा तर गिऱ्हाईक आपणच शोधायचे. ही गोष्ट बारीक अक्षरांत होती. वहिनीने ती मोठ्याने वाचून दाखवली.

पुढे सरकत गेलेल्या तारखांची यादी मी वेगळी सांगत नाही. एवढेच पुरे की एक्सबी-१ हे २०१७च्या अखेरीस उडवू असे २०१६ मध्ये सांगितले होते आणि ते पहिल्यांदा उडाले २२ मार्च २०२४ रोजी.

आवाज, आणि वाचणारा वेळ

६ जून २०२५ रोजी अमेरिकी अध्यक्षांनी जमिनीवरून स्वनातीत उड्डाणावरची १९७३ पासूनची बंदी उठवण्याचा आदेश दिला. पुतण्याला ही मोठी जमेची बाजू वाटत होती. कंपनीचे म्हणणे असे की ठरावीक उंचीवर, ठरावीक हवामानात, मॅक १.१ ते १.३ च्या दरम्यान उडाल्यास सॉनिक बूम, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानाच्या दाबलाटेचा धमाका, जमिनीपर्यंत पोहोचत नाही. यामागचे भौतिकशास्त्र खरे आहे. खालची हवा उबदार असल्याने तिच्यात ध्वनी वेगाने जातो आणि दाबाची लाट वाकून पुन्हा वर वळते. पण मग जमिनीवरून जाताना वेग मॅक १.७ राहत नाही आणि तिकीट मात्र मॅक १.७च्या विमानाचे काढावे लागते. मुंबईहून लंडनचा मार्ग बहुतांश जमिनीवरून जातो. भारताने कॉन्कॉर्डला आपल्या हद्दीवरून ध्वनीपेक्षा वेगाने जाऊ दिले नव्हते, आणि लंडन-सिंगापूर सेवा १९८० मध्ये बंद पडण्यामागच्या कारणांत ते एक होते. अठरा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानाचा आवाज सुमारे शंभर किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात ऐकू येतो. समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधली आमची सबंध चिंचोळी पट्टी त्यात सहज बसेल.

आमच्याकडचा हवाई प्रवास मुख्यतः आखाताकडे असतो. खेड, चिपळूण, दापोलीकडची किती घरे तिकडच्या कमाईवर उभी आहेत हे इथल्या माणसाला सांगायला नको. मुंबई-दुबई अंतर सुमारे १,९०० किलोमीटर. पूर्ण वेगाने गेले तरी यात तासभर वाचेल. चिपळूणहून मुंबईच्या विमानतळावर पोहोचण्यात पणजोबांच्या काळापासून जो दिवस मोडतो, तो मोडतोच.

ठरले ते

एक गोष्ट कंपनीच्या बाजूने नोंदवतो, कारण ती मला खरोखर शहाणपणाची वाटली. डिसेंबर २०२५ मध्ये बूमने जाहीर केले की आपल्या इंजिन-तंत्रावर आधारलेली ४२ मेगावॉटची गॅस टर्बाइन आपण डेटा सेंटरना वीज देण्यासाठी विकू. याने पैसा येईल, आणि गाभ्याला जमिनीवर चालण्याचे तास मिळतील. इंजिनवाल्याला तासांपेक्षा मौल्यवान काही नसते. परंतु जमिनीवरच्या टर्बाइनला स्वनातीत हवेची तापलेली लाट गिळावी लागत नाही, आणि एकदा विजेच्या धंद्यात कमाई सुरू झाली की विमान कितव्या क्रमांकावर जाईल, हे गुंतवणूकदार ठरवतील. पुतण्याने हे ऐकून विचारले की मग टर्बाइनसाठी तरी गुंतवावे का. मी म्हटले की तो वेगळा धंदा आहे, त्याचे वेगळे स्पर्धक आहेत, आणि त्याची परीक्षा वेगळ्या दिवशी करू.

दादाने वीस लाख न घालण्याचे ठरवले. त्यातला काही भाग बागेच्या गडग्याला आणि विहिरीवरच्या पंपाला गेला, उरलेला पुन्हा ठेवीत गेला. मुलाला तो ओरडला नाही, उलट पावसहून मला आणायला-सोडायला त्यालाच पाठवले. परतीच्या वाटेवर पुतण्या म्हणाला, "काका, काय झालं तर तुम्ही हो म्हणाल?" मी त्याला सांगितले की पूर्ण मापाचे इंजिन, त्याच्याच हवामार्गासह, चाचणीगृहात सलग शेकडो तास पूर्ण जोरावर चालू दे, ते उघडू दे, आणि आतल्या ब्लेडांची छायाचित्रे बाहेरच्या तपासनिसांना दाखवू दे. त्याने पावसच्या फाट्यावर गाडी बाजूला घेऊन हे फोनमध्ये शब्दशः लिहून घेतले, आणि ते झाले तर स्वतःच्या पगारातून पैसे घालीन असे म्हणाला. त्या दिवशी कागद घेऊन ये, मी पुन्हा वाचीन, असे मी त्याला कबूल केले आहे.